वारा सुटला की हवा तापत का नाही?

प्रश्न : तापमान म्हणजे रेणूंचा वेग असं शाळेत शिकलो. मग वारा सुटला की रेणू अजून जोरात पळणार, म्हणजे हवा तापायला पाहिजे ना? होतं उलटंच, गार वाटतं.

उत्तर : शाळेतलं ते वाक्य अर्धवट आहे हो. तापमान म्हणजे रेणूंची एकमेकांत चाललेली सैरावैरा पळापळ, सगळे मिळून एका दिशेला चाललेत तो वेग त्यात धरतच नाहीत, आधी वजा करायचा आणि उरेल ते बघायचं. गाडीत ठेवलेल्या थर्मासमधलं पाणी गाडी पळतेय म्हणून उकळत नाही, तसंच. आणि खोलीतल्या हवेचे रेणू एरवीच सेकंदाला 450 ते 500 मीटर वेगाने धडका मारत असतात, त्यापुढे 10 मीटरचा वारा म्हणजे काहीच नाही. (गार वाटतं ते अंगाजवळची उबदार हवा उडून जाते आणि घाम पटकन सुकतो म्हणून. थर्मामीटरला घाम येत नाही, तो पंख्यासमोर धरला तरी आकडा तोच.)

पण तुमची शंका अगदीच वाया जात नाही बरं का. वाहती हवा कशावर तरी आपटून थांबली की तो एकत्र वेग पळापळीत बदलतो आणि मग खरंच तापते. 10 मीटरच्या वाऱ्यात फरक अंशाच्या विसाव्या भागाएवढा, पण वेगाच्या वर्गाने वाढत जातो, त्यामुळे सेकंदाला 250 मीटर जाणाऱ्या विमानाच्या सेन्सरला बाहेरची हवा आहे त्यापेक्षा 30 अंश गरम दिसते, बाहेरचं खरं तापमान काढायला तेवढे वजा करावे लागतात.

मला स्वतःला आवडतो तो याच्या उलटा प्रकार. दाबाखालचा हेलियम बारीक भोकातून निर्वातात सोडला की पळापळीची जवळजवळ सगळी एनर्जी पुढे जाण्यातच खर्च होते. कँट्रोविट्झ आणि ग्रे या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये मांडलेली आयडिया. अणू सेकंदाला 1,700 मीटरच्या वर सुटलेत, पण सगळे जवळजवळ सारख्याच वेगाने, त्यामुळे झोताचं तापमान 1 केल्विनच्याही (म्हणजे उणे 272 अंश सेल्सिअसच्याही) खाली जाऊ शकतं! पुढे झोत इतका विरळ होतो की धडकाच थांबतात, पळापळ सगळ्या दिशांना सारखी वाटली जात नाही, मग झोताच्या दिशेचं तापमान वेगळं आणि आडवं वेगळं निघतं, तिथे नुसतं 'तापमान किती' विचारून भागत नाही, कुठल्या दिशेचं तेही सांगावं लागतं.