मैदानावरचे प्रश्न : चॅपल हिल की ड्यूक?

प्रश्न : सर, माझा मुलगा चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकतो आणि नणंदेचा मुलगा शेजारच्या डरहॅमला ड्यूकमध्ये. नोव्हेंबरपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉलेज बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नाही. आता हंगाम निम्मा झालाय. एक म्हणतो आमचे पराभव कमी, दुसरा म्हणतो आम्ही मोठे संघ हरवलेत. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोणाची शक्यता जास्त, हे आत्ता कसं ओळखायचं? शाळेत असताना मी खेळले आहे, त्यामुळे खेळ कळतो. ही पद्धत मात्र कळत नाही.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या ग्रुपवर दोन निरनिराळे प्रश्न एकत्र भांडतायत. स्पर्धेत प्रवेश कोणाला मिळेल हा एक, आणि तिथे गेल्यावर कोण किती मजल मारेल हा दुसरा. पहिल्याचा अंदाज जानेवारीअखेर बराचसा बांधता येतो. दुसऱ्याचा फार थोडा, आणि त्यासाठी पाहायच्या गोष्टीही वेगळ्या आहेत.

आधी प्रवेशाचं. 2011 पासून या स्पर्धेत 68 संघ खेळत आलेत. प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या एकेका साखळीची, स्पर्धा जिंकणारा संघ थेट आत जातो. 2025 मध्ये असे 31 होते, आणि उरलेले 37 बारा जणांच्या समितीने निवडले. समितीसमोर 2018-19 पासून नेट नावाची क्रमवारी असते आणि तिच्या आधारे प्रत्येक सामना चारपैकी एका गटात टाकला जातो. तुमच्या घरातल्या वादाचं मूळ इथेच आहे. समजा, एखादा संघ या क्रमवारीत साठावा आहे. त्याला तुम्ही आपल्या कोर्टवर हरवलंत तर तो विजय दुसऱ्या गटात जातो. त्याच संघाला त्याच्या कोर्टवर जाऊन हरवलंत तर तो पहिल्या गटातला, म्हणजे सर्वांत वजनदार विजय ठरतो. घरच्या मैदानावर पहिला गट फक्त वरच्या तीस संघांविरुद्ध मिळतो, परक्या मैदानावर पंचाहत्तराव्या क्रमांकापर्यंत.

मला हा नियम मनापासून पटतो. बाहेरची टीम घेऊन नागपाड्याच्या कोर्टवर गेलेल्या कोणत्याही कोचला विचारा, तिथे दहा गुणांनी जिंकणं म्हणजे काय असतं. ड्यूकचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम तर जेमतेम 9,314 प्रेक्षकांचं आहे, पण विद्यार्थी अगदी साइडलाइनला खेटून उभे असतात. तिथून जिंकून येणाऱ्या संघाला जास्त माप मिळालंच पाहिजे.

तेव्हा दोन्ही मुलांना एक काम सांगा. आपापल्या संघाचं आतापर्यंतचं वेळापत्रक घ्यायचं आणि दुबळ्या संघांवर घरी मिळवलेले सगळे विजय पेन्सिलीने खोडायचे. जे उरेल त्यावर बोलायचं. 2024-25 च्या हंगामात नॉर्थ कॅरोलायनाचा कागद असा खोडला असता तर डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूसीएलएवर मिळवलेला 76-74 हा एकच विजय ठळक दिसला असता. पहिल्या गटातल्या सामन्यांत त्यांची कामगिरी होती एक विजय आणि बारा पराभव. तरी समितीने त्यांना प्रवेश मिळणाऱ्या अगदी शेवटच्या चार संघांत घेतलं. त्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला आणि माझ्या मते तो रास्त होता. एका मोठ्या विजयावर ती जागा द्यायला नको होती. डेटन शहरात झालेल्या प्राथमिक सामन्यात त्यांनी सॅन डिएगो स्टेटला 95-68 असं झोडपलं, पुढच्याच सामन्यात ओल मिसकडून 71-64 असे हरले. त्याच वर्षी ड्यूकने त्यांना तीनदा हरवलं होतं आणि पहिलं मानांकन घेऊन ड्यूक स्पर्धेत उतरलं होतं. म्हणजे त्या जानेवारीत तुमच्या भाच्याच्या बाजूने बोलणं सोपं होतं.

पण एक वाट शेवटपर्यंत उघडी असते. याच परिसरातला तिसरा संघ, रॅली शहरातला नॉर्थ कॅरोलायना स्टेट, 2024 मध्ये 17 विजय आणि 14 पराभव घेऊन कॉन्फरन्सच्या स्पर्धेत गेला. त्यांना कोणी मोजतच नव्हतं. पाच दिवसांत पाच सामने जिंकून ते थेट आत आले, मग ड्यूकला 76-64 असं बाहेर काढून शेवटच्या चारांत पोहोचले. जानेवारीतल्या कोणत्याही तक्त्यात हे दिसणं शक्य नव्हतं.

आता मजलीबद्दल. मुलाला 2022 ची गोष्ट सांगा, त्याला आधार वाटेल. त्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलायना मायामीकडे 28 गुणांनी हरलं, चार दिवसांनी वेक फॉरेस्टकडे 22 गुणांनी. 5 फेब्रुवारीला ड्यूकने त्यांच्याच घरी 87-67 असं लोळवलं. त्यानंतर पिट्सबर्गसारख्या मागे पडलेल्या संघाकडूनही ते घरीच हरले. प्रवेश मिळेल की नाही अशी अवस्था. आणि 5 मार्चला त्यांनी कॅमेरनमध्ये, ड्यूकचे कोच माइक शिशेफ्स्की यांच्या घरच्या शेवटच्या सामन्यात, ड्यूकला 94-81 असं हरवलं. आठवं मानांकन मिळालं, गतविजेत्या बेलरला जादा वेळेत काढलं, न्यू ऑर्लिन्सच्या उपांत्य सामन्यात पुन्हा ड्यूकला 81-77 असं हरवलं. अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांची आघाडी होती, तरी 72-69 ने गेला.

पुढच्या वर्षी मुख्य पाचातले चार खेळाडू परत आले. हंगामाआधीच्या क्रमवारीत संघ पहिला. आणि तो संघ स्पर्धेत पोहोचलाच नाही! 1985 पासून स्पर्धा 64 संघांची झाल्यावर असं कोणाचं झालं नव्हतं. गेलेला एकच खेळाडू, ब्रेडी मॅनेक, उंच असून लांबून तीन गुणांचे बास्केट टाकायचा. तो गेल्यावर समोरचे बचावपटू आत गोळा होऊ लागले आणि बाकी चौघांच्या जागा आकसल्या. नुसती नावं पाहून अंदाज बांधणाऱ्यांना हे दिसत नाही.

म्हणून मी जानेवारीत गुणतक्त्याआधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे थ्रो, पाहतो. कॉलेजमध्ये पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात, आणि एका भागात समोरच्या संघाचे सात फाउल झाले की ‘वन अँड वन’ सुरू होतो : पहिला थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. पहिलाच चुकला तर हाती शून्य. बाद पद्धतीच्या स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला याहून निर्दय गोष्ट नाही. 2025 च्या उपांत्य सामन्यात ड्यूक ह्यूस्टनविरुद्ध उत्तरार्धात 14 गुणांनी पुढे होतं. शेवटची वीसेक सेकंद उरली असताना, एका गुणाची आघाडी असताना, असाच पहिला थ्रो हुकला आणि सामना 70-67 ने गेला. 2008 चा मेम्फिस संघ अंतिम सामन्याआधी एकदाच हरला होता, पण हंगामभर त्यांचे फ्री थ्रो सुमारे 61 टक्केच पडत होते. जानेवारीतही हे सगळ्यांना दिसत होतं. अंतिम सामन्याच्या शेवटी त्यांनी ते हुकवले, कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने तीन गुण टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत करंडक कॅन्ससने नेला.

कॉलेजच्या मुलांना शिकवताना मी फ्री थ्रो सरावाच्या अगदी शेवटी ठेवायचो, पाय भरून आलेले असताना. ताजेतवाने असताना दहातले आठ टाकणारा मुलगा अडतिसाव्या मिनिटाला किती टाकतो, ते पाहायचं असतं. दोन्ही संघांचे सामने लावून शेवटची पाच मिनिटं याच नजरेने पाहा. चेंडू कोणाच्या हातात आहे आणि त्या मुलाचे फ्री थ्रो किती पडतात, एवढं टिपून ठेवा. दुसरं, बेंचवरून येणारे दोघे-तिघे किती मिनिटं खेळतात तेही पाहा. मार्च 2025 मध्ये ड्यूकचा मुख्य खेळाडू कूपर फ्लॅग याचा घोटा मुरगळला, तरी ड्यूकने त्याच्याशिवाय दोन सामने काढून कॉन्फरन्स जिंकली. अशी ताकद मार्चमध्ये अचानक येत नाही, ती जानेवारीत मिनिटं दिल्यानेच तयार होते.

बाकी, दोन्ही विद्यापीठांतलं अंतर साधारण 16 किलोमीटर आहे, दादरहून कांजूरमार्गला जाण्याएवढं. मामे-आत्तेभावांना एखादा सामना एकत्र पाहायला सांगा.

प्रश्न : सर, मी दादरच्या एका कॉलेजकडून पॉइंट गार्ड खेळतो. दिवाळीपर्यंत आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो, आता सलग हरतोय. मधेच अशी घसरलेली टीम परत उभी राहते का?

उत्तर : राहते रे. 2022-23 मध्ये कनेटिकटचा संघ पहिले 14 सामने जिंकला आणि पुढच्या आठपैकी सहा हरला. जानेवारीत त्यांना चौथं-पाचवं मानांकन मिळालं तरी पुष्कळ, असं लोक म्हणत होते. चौथं मिळालं. मग स्पर्धेत त्यांनी सहाही सामने जिंकले, एकही 13 पेक्षा कमी गुणांच्या फरकाने नाही, आणि विजेतेपद घेतलं. त्या पडत्या काळातही त्यांचं रिबाउंडिंग, म्हणजे हुकलेला चेंडू परत मिळवणं, टिकून होतं. तुमच्या हरलेल्या मॅचेसचे स्कोअरशीट काढ. रिबाउंड आणि टर्नओव्हर पहिल्या महिन्यासारखेच असतील आणि फक्त बास्केट पडत नसतील, तर शांतपणे खेळत राहा. टर्नओव्हर, म्हणजे हातातला चेंडू गमावणं, वाढले असतील तर ते काम तुझं आहे, पॉइंट गार्डचं. कोचशी आजच बोल.

प्रश्न : हे सामने आपल्याकडे किती वाजता असतात? माझी रात्रपाळी असते.
— एक वाचक, परळ

उत्तर : अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. तिथे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला दिसतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेनऊ तासांचा. संघांची निवड तिथे रविवारी संध्याकाळी सहाला जाहीर होते, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीन. अंतिम सामना मंगळवारी सकाळी सहा-साडेसहाला. पाळी सुटल्यावर घरी पोहोचेपर्यंत उत्तरार्ध नक्की मिळेल.