पहिली इंटर्नशिप मिळवायची कशी?

प्रश्न: ताई, मी सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. इंटर्नशाला या इंटर्नशिपच्या वेबसाइटवर अर्ज टाकतोय पण उत्तरच येत नाही. एकजण ५,००० रुपये भरले की इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देतो म्हणतोय, घेऊ का?

उत्तर: अरे नको, एक रुपयाही देऊ नकोस! इंटर्नशिपसाठी पैसे द्यायचेच तर कंपनीने द्यायचे, आपण नाही, आणि असलं सर्टिफिकेट मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. त्यापेक्षा एकच प्रोजेक्ट नीट पूर्ण कर, अगदी एसटीचं वेळापत्रक दाखवणारं साधं ॲप असलं तरी चालेल, पण लिंक उघडली की ते चाललं पाहिजे, कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची वेबसाइट) हवा आणि रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, काय केलं, का केलं ते तुझ्या शब्दात. रेझ्युमे एकाच पानाचा.

आणि ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, बघच. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स संस्थांसाठी कोड लिहायचा गूगलचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, काम घरून करता येतं, मानधन मिळतं आणि निवड तू पाठवलेल्या प्रपोजलवर, म्हणजे कामाच्या आराखड्यावर, होते. अर्ज साधारण मार्चमध्ये सुरू होतात, पण तोवर थांबू नकोस, दिवाळीनंतरच एखादी संस्था निवडून तिथले छोटे बग सोडवायला लाग म्हणजे मेंटॉर तुला ओळखायला लागतात. पुण्यातल्या छोट्या स्टार्टअपना थेट मेलही कर, चार ओळींचा, सोबत प्रोजेक्टची लिंक.