पोराला कर्जाचा आकडा सांगायचा का?

"लेकरासमोर आमी काईच बोलत नाई मॅडम, त्याले काय समजते?"

हे वाक्य मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमधे इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने अर्धं म्हटलं तरी पुढचं मला पाठ असतं. 2017 ला कापसावर बोंडअळी आली, त्याच वर्षी फवारणीतून विषबाधा झाल्या, तेव्हा ऐकलं. 2020 च्या लॉकडाऊनमधे पुण्या-मुंबईवरून पोरगा घरी येऊन बसला तेव्हा ऐकलं. 2023 ला सोयाबीन हिरवंच्या हिरवं पिवळं पडत गेलं, येलो मोझॅक रोग, तेव्हाही हेच. संकट दरवेळी वेगळं पण वाक्य तेच, आणि त्यामागे प्रेमच असतं हे मला पूर्ण मान्य आहे, कोणत्या आईबापाला वाटेल की आपल्या डोक्यातला ताप पोराच्या डोक्यात जावा. पण अठरा वर्षं मुलांच्या मनाचं हे काम करून मी एका गोष्टीवर ठाम झालीये की घरात जे बोललं जात नाही ते मूल स्वतःच्या मनाने भरून काढतं, आणि मुलाने भरलेलं नेहमी खऱ्यापेक्षा मोठं असतं.

एक केस सांगते. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल अशा चारदोन गोष्टीही बदलल्यात. आपण त्याला गोलू म्हणू. वय नऊ, चौथीत, जिल्हा परिषदेची शाळा.

2024 ची दिवाळी झाली, सुट्ट्या संपून शाळा उघडली आणि याचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी. आईने ओवा दिला, नजर काढली, तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. शाळेच्या सरांनी माझा नंबर दिला. पहिल्या भेटीत आईच बोलत होती आणि गोलू खिडकीतून बाहेर बघत होता, मला वाटलं कंटाळलाय. नंतर लक्षात आलं की बाहेर कडुनिंबाखाली त्याचे वडील मोटारसायकलवर बसले होते आणि याची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

मी आईला विचारलं, "सुट्टीच्या दिवशी पोट दुखतं का?"

"नाई. तवा तर बापाच्या मांगं मांगं वावरात जाते. पराटी वेचाले जाते, ढोरं पाजाले जाते. बापाले एकटं सोडत नाई."

"आणि रात्री?"

"दोनदोनदा उठते. बाप झोपला का पाह्यते, मंग झोपते."

घरचा विषय काढला तर तेच उत्तर, आम्ही त्याच्यासमोर काही बोलत नाही. बोलत नव्हते म्हणजे खरंच बोलत नव्हते. नवराबायको हिशोबाचं बोलायला गोठ्यात जायचे, गोलू आला की गप्प व्हायचे, जेवताना टीव्ही मोठ्याने लावायचे.

इथे थोडं माझ्या अभ्यासाचं सांगते कारण त्याशिवाय मी गोलूच्या पोटाकडे तसं बघितलं नसतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी हसतेय, बोलतेय, आणि मग सांगितल्यावर दोनतीन मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवते, बाळाला काहीच उत्तर देत नाही. बाळ आधी हसून बघतं, मग हात करतं, आवाज काढतं, आणि शेवटी मान फिरवून रडायला लागतं. त्याला कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. फक्त ओळखीचा चेहरा बंद झाला. मी जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाला मानणारी, मूल कुणाच्या आधाराने उभं आहे ते आधी बघावं असं मानणारी, म्हणून मला हा प्रयोग पटतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधे मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइडने युद्धाची झळ लागलेल्या लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती, तिथेही हेच दिसलं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटण्याने मुलं जास्त खचली. दुष्काळ, नापिकी, घसरलेला भाव हे आमचे बॉम्ब म्हणा. पोरगं ते सोसू शकतं. बापाचा बंद चेहरा त्याला सोसत नाही.

दुसऱ्या भेटीत मी गोलूला एकट्याला घेतलं, समोर बसवून प्रश्न विचारले नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. हात कामात असले की या वयाची मुलं बोलतात, डोळ्यात डोळे घालून विचारलं की "काई नाई" म्हणून मोकळी होतात. बऱ्याच शेंगा संपल्यावर त्यानेच विचारलं, "मॅडम, कोटी मोठं का लाख मोठं?"

"कोटी. कारे?"

"माह्या बाबावर एक कोटी अठ्ठ्याहत्तर लाख कर्ज हाये."

हे कुठून आलं असेल? बाप फोनवर भावाला म्हणाला होता, "एक अठ्ठ्याहत्तर झाले." पुढचं पोराने टीव्हीवरच्या बातम्यांमधून लावलं, तिथे सगळं कोटीतच असतं. आणि हळूच पुढे म्हणाला, "मी सायकल मागतली ना, म्हून झालं." सायकल आणलीही नव्हती, नुसती मागितली होती. त्याच्या गावात आदल्या वर्षी एका शेतकऱ्याने जीव दिला होता, त्यांचा मुलगा गोलूच्याच शाळेत. ते घर, ती गर्दी, सगळं याने पाहिलं होतं आणि घरी त्यावर एक शब्द कुणी बोललं नव्हतं.

तेव्हा मला कळलं. याचं पोट दुखत नव्हतं, हा बापाच्या पहाऱ्यावर होता. शाळेत गेलं तर बापाजवळ कोण राहील, एवढीच ती पोटदुखी.

मग मी वडिलांशी बोलले. सरळ विचारलं, "भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" लोकांना वाटतं असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात येतो. येत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस हलका होतो. ते बराच वेळ जमिनीकडे बघत होते, मग म्हणाले, "येते मनात. पण हे पोट्टं दिवसभर मांगं असते जी." मी काम करताना सहसा डोळ्यात पाणी येऊ देत नाही, त्या दिवशी आलं. त्याच आठवड्यात त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, फवारणीचं सगळं औषध मोठ्या भावाच्या घरी कुलपात गेलं. हे आधी. मोठ्या माणसाला मदत न देता फक्त पोराला समजावत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली पोतं हलवत बसणं.

चौथी भेट मी आजही विसरत नाही. तिघंही आले होते. वडिलांना आधीच म्हटलं होतं की आकडा सांगा. त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं, "नऊ वर्साच्या पोराले कर्ज सांगू?" मी म्हटलं त्याच्याकडे आकडा आहेच भाऊ, तुमच्या शंभरपट आहे.

गोलूच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं. सोसायटीचे 1,20,000. कृषी केंद्राची उधारी 33,000. मोठ्या भावाचे 25,000. म्हणाले, "कर बेरीज." गोलूने केली, 1,78,000, शून्यं बोटाने दोनदा मोजली, आणि आईकडे बघून म्हणाला, "कोटी नाई?"

"नाई रे बापू. लाख."

मला वाटलं इथे संपलं. पण त्याने विचारलं सोयाबीनचे किती उरले. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 4892 होता आणि व्यापारी चार हजाराच्या आसपास मागत होता, बी-खत, सवंगणी, थ्रेशर सगळं जाऊन हातात वीसेक हजार. पोराने खाली 20 मांडले आणि वीस वीस वजा करत गेला, मधे कुणी काही बोललं नाही.

"नऊ वर्स लागतीन बाबा."

वडिलांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "कापूस हाये, तूर यायची हाये, येवढी नाई लागाची." पण गोलूचं तिकडे लक्षच नव्हतं, तो खुश दिसत होता. "तवा मी अठरा वर्साचा असीन," म्हणाला.

इतकी वर्षं मी पालकांना सांगत आले होते की मुलांना धीर द्या, आणि धीर म्हणजे काय हे मला त्या दिवशी त्या वहीत दिसलं. नऊ वर्षं हा काही छोटा आकडा नाही, मोठ्या माणसाला तो ऐकून घाम फुटतो. पण मुलासाठी तो मोजता येणारा होता आणि त्याला शेवट होता, त्याचं स्वतःचं वय त्यात बसत होतं. भीती कमी व्हायला संकट छोटं असावं लागत नाही, त्याला काठ दिसावा लागतो.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. वहीकडेच बघत.

"बाबा, तू जाशीन का?"

कुठे ते कुणाला विचारावं लागलं नाही. आई काहीतरी बोलणार होती, मी हात करून थांबवलं. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं काम आणि ते मला येतं असं मी अभिमानाने सांगते. फार वेळ गेला. मग वडील म्हणाले, "मले भेव लागलं व्हतं. आता दवाई चालू हाये. पुन्हा भेव लागलं तर मी तुया मायले सांगीन, मोठ्या बाबाले सांगीन, मॅडमले फोन करीन. पाहाले तू नको राहू. ते मोठ्याइचं काम हाये. तू शायेत जा."

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. "मी काही करत नाही, टेन्शन घेऊ नको" एवढंच म्हणाले असते तर पोराने पहारा सोडला नसता. त्यांनी पुढे काय करणार ते सांगितलं, म्हणून सोडला. लगेच नाही, पुढचे दोनतीन आठवडे अधूनमधून दुखतच होतं, मधल्या सुट्टीत सरांच्या फोनवरून बाबाशी एक मिनिट बोलायची सोय करून दिली, मग हळूहळू तो फोनही विसरायला लागला.

आता तुमच्या घराचं बोलू. मुलाला सगळं सांगा असं मी म्हणत नाहीये. त्याच्या मापाचं सांगा. चारपाच वर्षांच्या लेकराला एवढंच पुरतं की बाबाला वावराची काळजी आहे, तुझ्यामुळे नाही, आणि रात्री आपण सगळे इथेच झोपणार आहोत. ते "तुझ्यामुळे नाही" विसरू नका, लहान मुलं घरातलं वाईट स्वतःच्या नावावर लिहून घेतात, गोलूने सायकल लिहिली तसं. आठदहा वर्षाच्याला आकडा चालतो. चौदापंधराच्या मुलांना हिशोबात बसवा पण निर्णय त्यांच्यावर टाकू नका, आणि विशेषकरून थोरल्या मुलीवर. आई तिच्याजवळ रडते, बाप तिच्याकडून निरोप पोचवतो, आणि सगळे म्हणतात किती समजदार आहे. ती समजदार नाहीये, ती थकलेली आहे, आणि तिचं पोटही दुखत नाही म्हणून तिला माझ्याकडे कुणी आणत नाही.

खोटा शब्द देऊ नका. "बैल विकणार नाही" असं म्हणायचं आणि दोन महिन्यांनी दावं रिकामं, हे मुलाला बैल जाण्यापेक्षा जास्त लागतं. काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही आणि ठरलं की तुला कधी सांगू, एवढं म्हटलं तरी पुरे. "बैलाचं संक्रांतीनंतर पाहू, तुले सांगून करू" हे वाक्य पोराला झोपू देतं.

आणि दिवसातली एखादी गोष्ट पक्की ठेवा. रात्रीचं जेवण टीव्ही बंद करून एकत्र, किंवा झोपताना आजीजवळ, किंवा सकाळी बापाने वेणी फणी नाही तर निदान दप्तर हातात देणं, काय ते तुमच्या घरावर आहे. भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही, पण साडेआठला ताटं एकत्र वाढली जाणं आपल्या हातात आहे. मागच्या पोळ्याला एका घरी पैसा नव्हता म्हणून तान्ह्या पोळ्याला पोरीचा लाकडी बैल माळ्यावरून काढलाच नाही, तिने महिनाभर तेच विचारलं. बैल जुना होता, रंगवायला हळद-गेरू चाललं असतं.

सुरुवात कशी करू असं खूप आया विचारतात. शेंगा सोलताना करा, तूर निवडताना करा, बैल धुताना करा. "तुले काय वाटते, आपल्या घरी सध्या काय चालू हाये?" एवढंच विचारा आणि थांबा. पोर काय ऐकून बसलंय ते आधी बाहेर येऊ द्या, दुरुस्ती नंतर. काही चुकीचं बोललं तर हसू नका, एक कोटी अठ्ठ्याहत्तर लाखावर मी हसले असते तर पुढचं सायकलीचं मला कधीच कळलं नसतं.

अंथरूण ओलं होणं, पोट-डोकं दुखणं, कुणाला तरी सोडतच नाही असं चिकटणं, शाळा बंद, हे दोनतीन आठवड्यांच्या वर चाललं तर कुणाला तरी दाखवा, बुवाकडे चकरा मारण्यात वेळ घालवू नका. आणि मूल असो की मोठं, मरणाचं बोलत असेल तर त्याच दिवशी बोला, एकटं ठेवू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. दोन्ही नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पोरांच्या उंचीवर.