जहाजांच्या आवाजाचा देवमाशांना खरंच त्रास होतो का?

तुमचं म्हणणं असं की समुद्र एवढा अफाट, देवमासा एवढा अवाढव्य, मग वरून गेलेल्या जहाजाच्या आवाजाने त्याचं काय बिघडणार? आणि जहाजाच्या आवाजाचा बातमीतला '190 डेसिबल, जेट विमानापेक्षा जास्त' हा आकडा खरा का? मी मालवाहू जहाजांवर इंजिनीयर आहे, म्हणजे आवाज करणाऱ्यांच्या पार्टीतला. तरी सांगतो, त्रास होतो, आणि तो मोजलाही गेलाय.

आधी तो आकडा निकालात काढू. पाण्यातल्या आणि हवेतल्या डेसिबलची मोजपट्टी वेगळी. पाण्यातला आकडा हवेशी ताडायचा तर त्यातून साधारण 62 वजा करायचे. शिवाय 190 हा जहाजापासून एक मीटरवरचा, हिशेबाने काढलेला आकडा असतो. तेव्हा जेट विमान सोडून द्या. बहामामध्ये 2000 साली देवमासे किनाऱ्याला लागून मेले ते नौदलाच्या सोनारमुळे, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रामुळे, तो विषय वेगळा. व्यापारी जहाज आवाजाने कोणाला असं तडकाफडकी मारत नाही. ते फक्त गप्प बसत नाही, आणि त्याच्या मागे दुसरं येतच असतं.

आवाज येतो कुठून? लोकांना वाटतं इंजिनातून. इंजिनाचा वाटा आहेच, पण मुख्य गुन्हेगार पंखा, म्हणजे प्रॉपेलर. पातं जोरात फिरलं की त्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका घटतो की पाणी थंड असूनही तिथे वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढच्या क्षणी फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाज रिकामं, बॅलास्टवर (मालाऐवजी नुसतं तोल राखायचं पाणी भरून) असलं की पंखा पाण्याच्या वरच्या थराजवळ येतो आणि हा प्रकार आणखी वाढतो. अशा वेळी मागे स्टिअरिंग गियर रूममध्ये, म्हणजे सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत, उभं राहिलं तर बाहेरून पत्र्यावर कोणी घमेल्याने खडी फेकतंय असं वाटतं. दुरुस्तीला ड्राय डॉकला, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, जहाज लागलं की त्याच पात्यांच्या कडेला ब्राँझ कुरतडलेलं दिसतं, बोट आत जाईल असे खड्डे. बुडबुडे फुटून पडलेले. धातूची ही गत, तर आवाज किती होत असेल बघा.

आता थोडं गणित. चार पात्यांचा पंखा मिनिटाला 100 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा ठोके. या ठोक्यांबरोबर त्यांच्या दुप्पट, तिप्पट पटीतले सूरही निघतात, आणि तिप्पट म्हणजे सेकंदाला 20, अर्थात 20 हर्ट्झ. फिन व्हेल नावाचा देवमासा नेमका 20 हर्ट्झच्या आसपास हाक देतो. ही खालची पट्टी पाण्यात शेकडो किलोमीटर जाते, म्हणून तर त्याने ती निवडली असणार. उजेड शे-दोनशे मीटरवर संपतो, म्हणजे जोडीदार, पिल्लू, भक्ष्य, सगळं कानावर. आणि आम्ही बरोबर त्याच पट्टीत वाजत जातो. कॅलिफोर्नियाजवळ 1960च्या दशकातल्या नौदलाच्या नोंदी आणि 2003-04च्या नोंदी ताडल्या तेव्हा याच खालच्या पट्टीतला आवाज 10 ते 12 डेसिबलनी वाढलेला निघाला. 10 डेसिबल म्हणजे ऊर्जा दहापट.

पण आवाज वाढला म्हणून जनावराला त्रास झाला हे सिद्ध कसं करणार? सगळे समुद्र एकदम शांत करून पाहता येत नाहीत. एकदा मात्र तसं आपोआप घडलं. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल या जातीच्या देवमाशांवर काम चालू होतं. यांची आज चारशेही डोकी उरलेली नाहीत. एक गट त्यांचा आवाज टिपत होता, दुसरा त्यांची विष्ठा गोळा करत होता. होय, विष्ठा. बोटीच्या नाळेवर शिकवलेला कुत्रा उभा, त्याला वास लागला की तो मान वळवेल तिकडे बोट न्यायची आणि तरंगणारा गोळा जाळीने उचलायचा. त्यात ताणाच्या हार्मोनचे अंश सापडतात. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर जहाजांची वर्दळ एकदम घटली, पाण्यातला आवाज 6 डेसिबलनी उतरला, आणि त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाचे हार्मोनही उतरलेले निघाले. पुढच्या वर्षांत त्याच महिन्यांत असा उतार दिसला नाही. हे निष्कर्ष 2012 साली छापून आले. मला यातलं सगळ्यात बोचणारं हे वाटतं की आधीची पातळी आपण 'नॉर्मल' धरून चाललो होतो.

दुसरं उदाहरण कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हरचं. तिथल्या बंदराकडे जाताना हॅरो सामुद्रधुनी लागते. तिथे ओर्कांचा (किलर व्हेलचा) एक कळप राहतो, जेमतेम पाऊणशे जनावरं, मुख्य खाणं चिनूक सामन. तो मासा ते स्वतःच्या टिकटिक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शोधतात. जवळून जाणाऱ्या जहाजाचा आवाज त्या वरच्या पट्टीतही पोचतो. आजूबाजूचा आवाज एक डेसिबलने चढला की हे ओर्काही हाक एक डेसिबलने चढवतात. बोटी जवळ आल्या की माद्या शिकार अर्ध्यावर सोडतात, हेही नोंदलं गेलंय. 2017 पासून बंदराने तिथे जहाजांना वेग कमी करायला सांगितलं. पहिल्या वर्षी सगळ्यांना 11 नॉट (ताशी साधारण 20 किलोमीटर), नंतर कंटेनर आणि क्रूझ जहाजांना थोडी सूट. सक्ती नाही, तरी बहुतेक जहाजं पाळतात. वेग उतरला की आवाज झपाट्याने उतरतो. एक मेख आहे: ज्या पंख्यात पात्यांचा कल बदलून जहाजाचा वेग बदलतात, त्यात फेरे तेच राहतात आणि वेग कमी करूनही आवाज वाढू शकतो. हे वरच्या मंडळींच्या फाईलमध्ये फारसं येत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं 2014 पासून आहेत, 2023 मध्ये सुधारली, पण तीही ऐच्छिकच. पंखा वेळेवर घासून गुळगुळीत ठेवला तर आवाजही कमी आणि तेलही वाचतं, त्यामुळे निदान तेवढं तरी कंपन्या ऐकतात.

आपल्याकडचं म्हणाल तर अरबी समुद्रातला हंपबॅक जातीचा देवमासा इतर हंपबॅकसारखा स्थलांतर करून थंड पाण्यात जात नाही, बारमाही इथेच. ओमानमध्ये टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी 2017च्या शेवटी गोव्याच्या बाजूला येऊन गेली, म्हणजे आमच्या वाटा ओलांडूनच. गंगेतल्या डॉल्फिनवर तर 2019 साली सरळ अभ्यास छापून आला: त्यांना जवळपास दिसतच नाही, आणि उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की बोटींच्या आवाजाने त्यांच्या शरीरावरचा ताण वाढतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की तारकर्लीला बोटीतून डॉल्फिन बघायच्या फेरीला जावं का. छोट्या बोटीचा पंखा भरभर फिरतो, त्याचा आवाज डॉल्फिनच्या ऐकण्याच्या पट्टीत जास्त बसतो. जा खुशाल, फक्त बोटवाल्या दादांना आधीच सांगा की कळपाच्या पुढ्यात बोट घालू नका, लांबूनच इंजिन न्यूट्रलला टाका. वॉशिंग्टन राज्यात 2025 पासून त्या ओर्कांपासून 1000 यार्ड लांब राहायचा कायदाच आहे. आपल्याकडे मात्र 'जवळ घ्या, फोटो नाही आला' म्हणणारं गिऱ्हाईकच जास्त असतं, आणि बोटवाला बिचारा गिऱ्हाइकाचंच ऐकणार.