मेकॅनिकलमधून काजळीवर पीएचडी करण्यात अर्थ आहे का, आता तर सगळं इलेक्ट्रिक होतंय?

अकरा वर्षं हेच करतेय म्हणून राहवलं नाही. "धुरावर कसली पीएचडी?" हे मी पहिल्यांदा दादाकडून ऐकलं, माझा सख्खा भाऊ, टायरचं दुकान आहे त्याचं. आजी कंदिलाची काच राखेनं घासायची, तू तीच काजळी पुसायला एवढी शिकलीस का, असं पाहुण्यांसमोर म्हणाला. फार लागलं.

तेव्हा आमचं सॅम्पलिंग, म्हणजे ज्योतीतल्या काजळीचे नमुने घेणं, चालू होतं. इथिलीन वायूची ज्योत, तिच्यात ३ मिलिमीटरची तांब्याची जाळी झटक्यात घालायची आणि ५० मिलिसेकंदांत बाहेर काढायची. जास्त राहिली की जाळीवरचा कार्बनचा पापुद्रा फाटतो, कमी राहिली की हाती काहीच नाही. चार महिने नुसत्या जाळ्या वाया. मग एका रात्री मायक्रोस्कोपखाली दिसलं, ज्योतीच्या बुडाशी पुसट, ओलसर थेंबांसारखे ठिपके आणि दोन बोटं वर घेतलेल्या जाळीवर २०-३० नॅनोमीटरचे गोळे एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे. पापणी लवायच्या आत वायूचा घन झालेला! रडूच आलं मला.

आणि जाळीवर कण का बसतात, तर गरम वायूतले कण गार धातूकडे ढकलले जातात म्हणून. आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची ते हेच. तिला पद्धत माहीत होती, आम्ही कण मोजतो, यात कमीपणा कसला? दादाचा टायर काळा असतो तोसुद्धा कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे मापात तयार केलेली काजळीच, टायरच्या वजनात साधारण पाव हिस्सा. ती नसती तर टायर चार दिवसांत झिजला असता.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर कार होतील, लांब पल्ल्याची विमानं इतक्यात होत नाहीत, आणि कुठल्या इंधनात अ‍ॅरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कडी असलेली संयुगं) किती यावर त्यांची काजळी ठरते. बीएस-६ मध्ये, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या आपल्याकडच्या नियमांत, कणांचं नुसतं वजन नाही, संख्याही मोजतात, किलोमीटरला ६० हजार कोटींची मर्यादा. हे मोजणारी माणसं लागतातच. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांच्या छातीत काय गेलं हाही याच विषयाचा भाग आहे, तो कुणाला क्षुल्लक वाटत असेल तर वाटो.

हां, पैशाची घाई असेल तर नका येऊ, जेआरएफचे (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) महिन्याला ३७,००० आणि पाच-सहा वर्षं धरून चाला. आणि गाइडचं नाव बघून भुलू नका, लॅबमध्ये जाऊन बर्नर पेटतोय का, कण मोजायचा लेझर चालू आहे का ते आधी डोळ्यांनी बघा, मगच फॉर्म भरा.