मार्केटिंगसाठी कर्ज काढून शिकावं का?

प्रश्न : वय २६. एका कंपनीच्या हिशेब विभागात तीन वर्षं थकलेली बिलं वसूल करायचं काम करते. मार्केटिंग किंवा जाहिरातक्षेत्रात जायचं आहे. दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळतोय, पण फी माझ्या २४ महिन्यांच्या पगाराइतकी आहे. कर्ज १० टक्क्यांनी मिळेल, शिकताना हप्ता नाही, नंतर पाच वर्षांत फेड. बचत आठ पगारांची आहे. वडील निवृत्तीची ठेव मोडायला तयार आहेत. घरचे म्हणतात, एमबीएच कर. मैत्रीण म्हणते, ऑनलाइन कोर्स कर, या क्षेत्रात डिग्री कोण विचारतं? मध्यंतरी मी थकबाकीच्या ईमेलचा विषय आणि पहिली ओळ बदलून पाहिली. आधी शंभर ईमेलना ११ उत्तरं यायची, ती १९ झाली. तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय. काय करू?

उत्तर : वडिलांच्या ठेवीचं आधी सांगून टाकते, म्हणजे तो विषय बाजूला होईल. ती मोडू देऊ नका. तुमच्याकडे कमावायला अजून तीसेक वर्षं आहेत, त्यांच्याकडे नाहीत. ते सहकर्जदार म्हणून सही करणार असतील, तर तुमचा हप्ता थकल्यावर बँक त्यांच्याकडे येईल हेही त्यांना सहीच्या आधी समजावून सांगा. वसुलीचं काम तुम्हीच करता, माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आता फी. तुमचा सगळा विचार २४ या आकड्याभोवती फिरतोय, पण हा खर्च २४ पगारांचा नाही. शिकताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. दोन वर्षांचं साधं व्याज धरलं तरी कोर्स संपतो त्या दिवशी कर्ज २८.८ पगारांचं झालेलं असतं. त्याचा पाच वर्षांचा हप्ता येतो दरमहा ०.६१ पगार, आणि एकूण फेड जवळजवळ ३६.७ पगार. त्यात दोन वर्षं घरी न आलेले २४ पगार मिळवा. झाले साठाच्या वर! राहण्याखाण्याचा खर्च मी यात धरलेला नाही, कारण तो नोकरीत असतानाही होतोच. मात्र त्या दोन वर्षांत तो तुमच्या आठ पगारांच्या बचतीतून जाणार आणि बचत पहिल्याच वर्षात संपत येणार, हे लक्षात ठेवा. त्याची सोय तुमच्या पत्रात कुठेच दिसली नाही.

हे साठ पगार कोर्सनंतरच्या पाच वर्षांत भरून काढायचे, तर नोकरीत राहून तुम्हाला जे मिळालं असतं त्यापेक्षा दरमहा आजचा एक अख्खा पगार जास्त मिळायला हवा. दहा वर्षं दिलीत तर अर्धा. अशक्य नाही. अनेकांना मिळतो. पण तो कोणत्या कामात मिळतो, हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तुमच्या घरात नेमकी तीच चर्चा झालेली दिसत नाही.

‘मार्केटिंग आणि जाहिरात’ हे एक क्षेत्र म्हणून बोललं जातं, पण आत शिरायचे दरवाजे वेगवेगळे आहेत. मोठ्या कंपनीत ब्रँड मॅनेजर, म्हणजे एखाद्या ब्रँडची सगळी जबाबदारी सांभाळणारी, व्हायचं असेल, तर तिथली भरती बरीचशी कॅम्पसवर होते आणि बाहेरून अर्ज करणाऱ्याला आत येणं कठीण जातं. तिथे एमबीएचे पैसे वसूल होऊ शकतात. जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारी, व्हायचं असेल, तर समोरचा पोर्टफोलिओ उघडतो. पाच-सहा चांगली कामं दिसली तर पुढे बोलणं होतं, नाहीतर पदवी कितीही भारी असो, चहा पिऊन परत. मीडिया प्लॅनिंग (जाहिरात कुठे, कधी आणि किती दाखवायची ते ठरवणं) आणि ऑनलाइन जाहिरातींच्या मोहिमा चालवणं हा तिसरा दरवाजा. तिथे आकड्यांशी सलगी आणि ती साधनं हाताळल्याचा अनुभव बघतात. पदवी असली तर बरं, एवढंच. क्लायंट सर्व्हिसिंगचा, म्हणजे जाहिरात देणारी कंपनी आणि एजन्सी यांच्यातला दुवा सांभाळण्याचा, दरवाजा यांच्या अधेमधे कुठेतरी. थोडक्यात, मैत्रीण म्हणते ते निम्म्या खोल्यांना लागू आहे आणि घरचे म्हणतात ते उरलेल्यांतल्या काहींना.

मैत्रिणीच्या बाजूने लोक हटकून जाहिरातक्षेत्रातलं मोठं नाव असलेल्या डेव्हिड ओगिल्वी यांचं उदाहरण देतात. ऑक्सफर्डमधून पदवी न घेताच बाहेर पडले, पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकघरात राबले, दारोदार फिरून ‘आगा’ नावाच्या शेगड्या विकल्या आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला एजन्सी काढली. खरंच आहे. पण पदवी न घेता एजन्सी काढून बुडालेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, त्यामुळे या गोष्टीवर आर्थिक निर्णय टेकवू नका. मला त्या गोष्टीत रस वेगळ्याच कारणाने आहे. शेगड्या विकण्याचं काम त्यांनी इतकं नीट केलं की १९३५ मध्ये कंपनीने त्यांच्याकडून इतर विक्रेत्यांसाठी पुस्तिका लिहून घेतली. त्यांचा पोर्टफोलिओ जुन्या नोकरीतच सुरू झाला होता.

तुमचाही झालाय, पण तुम्ही तो पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलात. शंभरात ११ वरून १९. एजन्सीच्या भाषेत ही डायरेक्ट रिस्पॉन्सची, म्हणजे मजकूर वाचून किती जण थेट प्रतिसाद देतात ते मोजण्याची, चाचणी आहे, तीही सगळ्यात अवघड ग्राहकांवर, ज्यांना तुमचा ईमेल उघडायचाच नसतो. अर्थात, एवढ्याशा आकड्यावर उड्या मारू नका. शंभर-शंभरच्या दोन गटांत आठाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. शिवाय जुना मजकूर एका महिन्यात आणि नवा दुसऱ्या महिन्यात गेला असेल, तर तो फरक पगाराच्या तारखांचा किंवा वर्षअखेरीचाही असेल. साहेबांची परवानगी घेऊन पुढचे काही महिने यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करा, एकाला जुना मजकूर, दुसऱ्याला नवा, एकाच दिवशी. दोन्हीकडे चारशे-चारशे झाले आणि तरी ११ विरुद्ध १९ टक्केच राहिले, तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही. मग उत्तरांसोबत किती रक्कम किती दिवस आधी जमा झाली तेही मांडा. ग्राहकांची नावं काढून टाकलीत आणि कंपनीची हरकत नसली, की हे एक पान मुलाखतीत कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त वेळ टेबलावर राहील.

ऑनलाइन कोर्सबद्दल. गुगलच्या जाहिरात-व्यवस्थेची प्रमाणपत्र परीक्षा फुकट देता येते आणि ते प्रमाणपत्र वर्षभरच चालतं. यातच त्या ज्ञानाची किंमत आणि आयुष्य दोन्ही आलं. ही व्यवस्थाच मुळात २००० साली सुरू झाली आणि तेव्हापासून सतत बदलत आली आहे. अशी साधनं शिकवणाऱ्या महागड्या कोर्सला कर्ज काढून पैसे देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. याउलट जेरोम मॅकार्थी यांनी मांडलेले मार्केटिंगचे चार ‘पी’ (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) १९६० पासून आजही शिकवले जातात. संख्याशास्त्र, ग्राहक कसा वागतो, नफा-तोट्याचं गणित, हे जुनं होत नाही. पैसे मोजायचेच तर अशा विषयांना मोजावेत. तुमच्या कोर्सचा अभ्यासक्रम काढा आणि कुठला विषय यातल्या कोणत्या प्रकारचा आहे, यावर पेन्सिलने खुणा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणखी एक आकडा मागा. संस्थेच्या माहितीपत्रकात सरासरी पगार छापलेला असेल. समजा पाच विद्यार्थी आहेत आणि त्यांचे पगार तुमच्या आजच्या पगाराच्या दीडपट, दीडपट, दुप्पट, दुप्पट आणि आठपट आहेत. सरासरी येते तिप्पट. पण ओळीने लावले तर मधल्याला मिळतो दुप्पट, आणि तिप्पट पगार प्रत्यक्षात एकालाही नाही. म्हणून मध्यक विचारा, तोही मार्केटिंगमध्ये गेलेल्यांचाच, आणि प्लेसमेंटच्या आकड्यातून किती जणांना वगळलंय तेही. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, हा माझा स्वतःचा दंडक. ०.६१ चा हप्ता असेल तर कापून हातात येणारा मध्यक पगार आजच्या पगाराच्या निदान १.८५ पट हवा. संस्था हा आकडा द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मी तिथे कर्ज काढणार नाही.

माझं मत विचाराल तर या वर्षी जाऊ नका. तुमच्या पत्रातून मला ब्रँड मॅनेजर दिसत नाही. शब्द बदलून आकडा हलतो का हे बघणारी मुलगी दिसते, आणि त्या दरवाजाला साठ पगारांचं कुलूप नाही. चूक असू शकते माझी, एका पत्रावरून बोलतेय. म्हणून बचतीतले जास्तीत जास्त दोन पगार शिकण्यावर खर्च करा, उरलेल्या सहांना हात लावू नका. नोकरी धरून सहा-आठ महिने संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करा. एखाद्या छोट्या व्यावसायिकाची जाहिरात लिहा, मोहीम चालवून बघा, आधी तुमच्याच कंपनीच्या मार्केटिंग विभागात बदली मिळते का विचारा. हिशेब विभागातून आलेली आणि वसुलीचे आकडे हातात असलेली व्यक्ती त्यांना रोज भेटत नाही. तोवर ब्रँडच्या कामात असलेल्या दोघा-तिघांशी बोला. त्यांचा दिवस ऐकून तुमचा जीव त्या कामाकडेच ओढला गेला, आणि मध्यकाचा आकडाही बसला, तर पुढच्या वर्षी एमबीए करा. मी आडवी येणार नाही.

या आठवड्यात एवढंच करा : मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, आणि त्यासाठी किती रक्कम अडकून पडते, हे संस्थेला विचारा. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी मागा.