बॅटरी उलटी करून बघ

लेका,

रात्री दीडला तुझा मेसेज, "काका, सगळ्यावर मत असायलाच पाहिजे का, मी सगळे ग्रुप सोडतोय". मी तो सकाळी दूध तापवताना बघितला. मामाशी ईव्हीएम हॅक होतं का यावरून तुझं काय वाजलं ते मला आधीच माहिती होतं, परवा तुझी आई स्क्रीन गार्ड टाकायला आलेली. मेसेजला मेसेजने उत्तर द्यायला माझा अंगठा चालत नाही, म्हणून दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा हे बसून लांबलचक टाईप करतोय, एकदम नाही झालं तर दोन दिवसात वाच.

आधी आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यातलं सांगतो कारण तू चार वर्षं या काउंटरमागे बसलायस.

ऑगस्ट 2007, तू तेव्हा बालवाडीत असशील. नोकियाने जाहीर केलं की त्यांची बीएल-5सी बॅटरी, त्यातला एक लॉट, चार्जिंगला गरम होऊ शकते. जगभरात मिळून 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या. टीव्हीवर दिवसभर तेच, मोबाईल की बॉम्ब, आणि कराडात तेव्हा दहातल्या सात खिशात नोकिया 1100 नाहीतर त्याचाच कोणीतरी भाऊबंद, सगळ्यात तीच बॅटरी. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी. एक आजोबा फोन फडक्यात गुंडाळून, हातभर लांब धरून, साप पकडल्यासारखे घेऊन आलेले. एकजण म्हणाला नोकिया कंपनीच चोर, दुसरा म्हणाला हे दुसऱ्या कंपन्यांचं कारस्थान आहे, सगळ्यांची मतं तयार, आणि माझंही होतंच की.

आता गंमत अशी की ही बॅटरी बऱ्याच कंपन्या बनवून द्यायच्या आणि घोळ फक्त मात्सुशिताने बनवलेल्या, डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळातल्या मालात होता. ओळखायचं कसं, तर मागचं झाकण काढायचं, बॅटरी उलटी करायची, बनवणाऱ्याचं नाव बघायचं आणि 26 अक्षरी नंबर नोकियाच्या वेबसाईटवर टाकून बघायचा. बस. दोन मिनिटांचं काम. पण त्या गर्दीत एकानेही बॅटरी उलटी केली नव्हती. मी पण नव्हती केली, मी सकाळपासून सगळ्यांना "काय होत नाही हो, टीव्हीवाल्यांचं काय ऐकता" सांगत होतो. दुपारी शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने प्रिंट काढून आणली तेव्हा माझ्या स्वतःच्या खिशातली बॅटरी उलटी केली, तर मात्सुशिता. पुढे माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तेव्हापासून कोणी कशावर तावातावाने बोलायला लागलं की माझ्या डोक्यात पहिलं येतं, याने बॅटरी उलटी केलीय का.

दुसरं, मताला तारीख असते, हे कोणी सांगत नाही. आजही रोज एकतरी गिऱ्हाईक म्हणतं फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. तू हसायचास त्यांना, मला ते आवडायचं नाही, आता कारण सांगतो. ते चुकीचं नव्हतं रे, जुनं होतं. निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या, कॉर्डलेस फोनमध्ये, शेव्हरमध्ये, अगदी सुरुवातीच्या मोबाईलमध्ये, त्यांना अर्धवट चार्ज करत राहिलं की क्षमता कमी व्हायची, म्हणून पूर्ण उतरवून भरायच्या. लिथियमला ते लागू नाही, उलट तिला सारखं शून्यावर नेलं तर ती लवकर म्हातारी होते, आणि उष्णता तिची खरी वैरी, गादीवर उशीखाली चार्जिंगला लावतात ना ते. म्हणजे कारण गेलं आणि मत राहिलं. तांदळाच्या डब्यातल्या फोनचंही तेच. मी आजवर चार्जिंग स्ट्रिपमधून किती तांदळाचं पीठ टूथब्रशने काढलंय त्याचा हिशोब नाही, शेवटी 2024 मध्ये ॲपलने पण लिहून टाकलं की ओला फोन तांदळात ठेवू नका. पण माणसाला सांगताना "तुम्हाला कळत नाही" असं नाही सांगायचं, "तेव्हा बरोबर होतं, आता बॅटरी बदलली" असं सांगायचं, मग ऐकतात. मामालाही हेच चाललं असतं.

माझं स्वतःचं पण सांगतो नाहीतर म्हणशील काका फक्त दुसऱ्यांचं काढतो. टचस्क्रीन आले तेव्हा मी छातीठोकपणे सांगायचो, आपल्याकडे चालायचं नाही, शेतकऱ्याच्या मातीच्या हाताला, वडापाववाल्याच्या तेलाच्या हाताला बटणच पाहिजे. आणि नुसतं बोलून नाही थांबलो, कीपॅडची दोन खोकी भरून ठेवली. पोटमाळ्यावर आहेत अजून, तू दिवाळीच्या साफसफाईला विचारलेलंस हे काय आणि मी विषय बदललेला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हाही म्हटलेलं, फुकट आहे म्हणजे डिसेंबरात दुकान बंद करतील. ह्याच्यावर काही बोलू नको.

तू ते फोनच्या रिव्ह्यूचं चालू केलंयस ते बघतो मी, बोलतोस चांगलं. पण एक बघ, रिव्ह्यू करणाऱ्याला फोन पहिल्या आठवड्यात भेटतो आणि मला अठराव्या महिन्यात. पहिल्या आठवड्यात सगळे फोन चांगले असतात, नव्या सूनबाईसारखं, दोन्हीकडून जपून चाललेलं असतं. अठराव्या महिन्यात कळतं अपडेटनंतर डिस्प्लेवर हिरवी रेघ कुणाच्या आली, चार्जिंग पोर्ट कुणाचा सैल झाला, आणि फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलायचा तर मिळतो का, आणि मिळाला तर फोनच्या निम्म्या किमतीला का मिळतो. तुझ्याकडे हे सगळं आहे, चार वर्षं तू ते हाताने उघडलंयस, आणि तरी तू व्हिडिओत बॉक्सवरचं वाचून दाखवतोस, 50 मेगापिक्सेल, 200 मेगापिक्सेल. अरे तूच मला सांगितलेलंस ना की 50 वाला चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो आणि 200 वाला सोळा एकत्र करून परत साडेबाराचाच! मग ते सांग की. सेन्सर केवढा आहे ते सांग. लोकांना ते कोणी सांगत नाही म्हणून तर ऐकतील.

बरं आता मामा.

ईव्हीएम हॅक होतं का हा प्रश्न मला दुकानात वर्षातून पन्नास वेळा येतो, निकालाच्या आठवड्यात जास्त, कारण लोकांना वाटतं हा सोल्डरिंग करतो म्हणजे याला माहिती असणार. मी पक्षाबिक्षाचा नाही हे तुला माहितीय, चार वर्षांत मी कोणाला मत देतो ते तुला पण कळलं नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आपल्याकडेच डिस्प्ले बदलतात.

पण 2019 च्या विधानसभेला आपल्या गल्लीतला एकजण अपक्ष उभा राहिलेला, त्याला पोलिंग एजंट मिळेना म्हणून मी बसलो. पहाटे साडेपाचला बूथवर. मतदान सातला, त्याच्या आधी मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान, असतं, एजंटांच्या समोर कमीत कमी 50 मतं टाकून बघतात, आपण स्वतः बटण दाबायचं, व्हीव्हीपॅट म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं मशीन, त्याच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते ती बघायची, मग मतं मोजणाऱ्या कंट्रोल युनिटचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं क्लियर करून त्या चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करतात. संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा 17सी चा फॉर्म एजंटला देतात, मोजणीच्या दिवशी तोच आकडा मशीनवर दिसायला पाहिजे. मला हे सगळं त्या दिवशी कळलं, बावन्नाव्या वर्षी. आणि एका मोठ्या पक्षाचा एजंट आला पावणेसातला, चहाचा कप हातात, न बघता सही केली, आणि निकाल लागल्यावर चौकात सगळ्यात मोठ्या आवाजात मशीन मशीन तोच ओरडत होता.

आमच्या अपक्षाला त्या बूथवर तीन मतं पडली. त्याचं म्हणणं चार पाहिजे होती, तो, त्याची बायको, त्याचा भाऊ आणि एजंट. चौथं मत ईव्हीएमने खाल्लं असं तो आजही म्हणतो आणि मी पण मान डोलवतो, तू तोंड उघडू नकोस.

आता मामा म्हणतो हॅक झालं, तू म्हणतोस होऊच शकत नाही, आणि माझ्या मते तुम्ही दोघंही बोर्ड न उघडताच आयसी गेली म्हणताय. माणसाने बनवलेलं कुठलंही मशीन माणूस बिघडवू शकतो, मी चाळीस वर्षं तेच बघतोय, त्यामुळे "शक्यच नाही" असं तू म्हणालास की तुझी बाजू तिथेच लंगडी होते. पण बिघडवता येतं आणि बिघडवलं ह्यात लय अंतर आहे, बिघडवलं म्हणायला पुरावा लागतो, कुठल्या बूथवर, कुठल्या आकड्यात, 17सी काय म्हणतो. 2009 ला भाजप हरला तेव्हा त्यांचे नेते मशीनवर बोट ठेवत होते, 2014 नंतर काँग्रेसवाले ठेवायला लागले, हे दोघांनाही आठवून दे, भांडण निम्मं गार होईल. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत मतपत्रिकेची मागणी फेटाळली हे तू मामाला सांगितलंस म्हणे, बरोबर आहे, पण त्याच निकालात दुसऱ्या तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पैसे भरून 5 टक्के मशीनचे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आतली मुख्य चिप, तपासून घेता येतील असंही आहे, ते सांगितलं नाहीस. अर्धाच निकाल वाचलास की सोयीचा तेवढाच सांगितलास?

त्यानंतर डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिका छापून परत मतदान घेऊन बघायचं ठरवलेलं, पोलिसांनी जमावबंदी लावली, झालं नाही. त्या मतदानाला कायद्यात अर्थ नव्हता हे खरं. पण मला विचारशील तर शंका असलेल्या माणसाला दाखवून शांत करता येतं, दटावून नाही, गिऱ्हाईक म्हणालं की तुम्ही आतला पार्ट बदलला तर मी जुना पार्ट त्याच्या हातात देतो, चिडत नाही. विधानसभेच्या मतदारसंघामागे पाचच मशीनच्या चिठ्ठ्या मोजतात, जास्त मोजा असं माझं मत. हे माझं मत, आणि उद्या कोणी नीट समजावलं तर बदलेल.

हिंदीच्या जीआरवर तर तू एका रात्रीत अकरा पोस्ट टाकल्यास. त्यातली एकही वाचताना मला वाटलं नाही की तू जीआर वाचलायस. चार-सहा पानं असतात रे, मराठीत असतात, सरकारच्या साईटवर फुकट. 16 एप्रिल 2025 च्या जीआरमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य होती, ओरड झाल्यावर 17 जूनला नवा आला त्यात "अनिवार्य" गेलं आणि "सर्वसाधारणपणे" आलं, आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा पाहिजे तर वर्गात किमान 20 पोरं पाहिजेत अशी मेख. सगळी गोष्ट त्या एका "सर्वसाधारणपणे" मध्ये होती, आणि तू 20 जूनला पण "अनिवार्य अनिवार्य" करत होतास, म्हणजे समोरच्याला आयतं सापडलं, बघा याला माहितीच नाही. 29 जूनला दोन्ही रद्द झाले. तुझी बाजू बरोबर असून तू हरलास, मला त्याचंच वाईट वाटलं.

सिनेमाचं फार नाही बोलत, मला त्यातलं कळत पण नाही. फक्त ट्रेलर बघून मराठी सिनेमा कसा भिकार असतो त्यावर चाळीस ओळी, आणि महिन्याभराने टेलिग्रामवरून उतरवून बघणं, आणि मग परत मराठीला शो मिळत नाहीत म्हणून रडणं, हे तिन्ही एकाच माणसाने करू नये. 2015 ला सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा संध्याकाळी 6 ते 9 मध्ये दाखवायला लावायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झालेला, शेवटी दुपारी 12 ते रात्री 9 वर मिटलं, पण शो लावणं सरकारच्या हातात असेल, खुर्चीत बसणं तुझ्या. सोमवारी सकाळी पावणेअकराच्या शोला मी आणि काकू दोघंच होतो एकदा, एसी पण लावेनात. सिनेमा टुकार होता. पण मी तिकीट काढून टुकार म्हणतो.

तर प्रत्येक गोष्टीवर मत पाहिजे का. नको. मला क्रिप्टोवर नाही, त्या कोरियन मालिकांवर नाही, काकूच्या भावाच्या प्लॉटवर तर मुद्दाम नाही. "मी अजून बघितलं नाही" एवढं बोलायला शिक, मल्टिमीटर लावायच्या आधी आपण गिऱ्हाईकाला खर्च सांगत नाही ना, तसंच. ग्रुप सोडायचे तर सोड, पण घरचा नको सोडू, मामा त्यात कमी बोलतो पण वाचतो सगळं. रविवारी गावाकडे येणार आहेस म्हणे, तर त्याच्याकडे जा, मोबाईल खिशात ठेव, आणि पुढच्या निवडणुकीला पोलिंग एजंट म्हणून बसतोस का विचार, दोघं दोन पक्षांकडून बसा. त्याला साडेपाचला बूथवर पोचवायची जबाबदारी तुझी.

आणि येताना पुण्यातून सोल्डरिंगचं बारीक टोकाचं बिट आण, अप्पा बळवंत चौकात नाही मिळत ते, पासोड्या विठोबाजवळ बघ, आधी फोन कर, मी नंबर सांगतो. मामाचा फोन पण घेऊन ये, बॅटरी फुगलीय म्हणाली तुझी आई, चार्जिंगला लावू नका म्हणावं तोपर्यंत.

काका